रुळांनाही उसंत लागते

रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे मुंबईकराच्या शिव्यांचा हक्काचा धनी. मुलुंडला साखरपुडा असावा, डोंबिवलीला बारसे असावे आणि नेमका त्याच दिवशी अकरा ते चार धीमा मार्ग बंद असावा, हे जणू ठरलेलेच. तरीही आमचे म्हणणे असे, की हे चार-पाच तास ही आपल्या रेल्वेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. रूळ दुरुस्त करायचे तर गाड्या थांबवाव्या लागतात, हे साधे सत्य तिथे आधी जाहीर करून, लोकांचा रोष पत्करून मान्य केलेले असते. देशाच्या उरलेल्या लोहमार्गावर हेच सत्य रोज घासाघीस करायला बसते आणि पुष्कळदा हरते.

मोठा अपघात झाला की दोन दिवसांत एक शब्द येतो: मानवी चूक. कोणी लाल सिग्नल ओलांडला, कोणी तार भलत्या जागी जोडली, कोणी रूळ कापून ठेवला. चार-पाच जण निलंबित होतात आणि लोकांना उत्तर मिळाल्यासारखे वाटते. पण माणूस चुकतो ही काही चौकशी करून शोधायची गोष्ट नव्हे. विचारायचे ते त्याच्या आधीचे. त्या माणसाला ते काम किती वेळात, कोणत्या नकाशावरून आणि डोक्यावर किती गाड्या असताना उरकायला लावले? हा प्रश्न धरून गेल्या काही वर्षांतले अपघात तपासले, तर त्यातल्या बऱ्याच मोठ्यांची मुळे एकाच जागी जातात. दुरुस्तीला वेळ मिळालेला नसतो, आणि तो नाकारणारा अपघाताच्या जागेपासून फार दूर बसलेला असतो.

खतौलीचे उदाहरण यात सर्वांत उघडे आहे. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशातल्या या स्थानकाजवळ पुरी-हरिद्वार उत्कल एक्स्प्रेस घसरली आणि २३ जण गेले. रुळाच्या एका सांध्याचे काम चालू होते. त्यासाठी जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, मागितला होता, तो मिळाला नाही, आणि काम मात्र झाले. कामाच्या जागेच्या अलीकडे ६०० मीटरवर रुळांवर आडवा लाल फलक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचे असतात. इंजिन फटाक्यावरून गेले की आवाज होतो आणि चालकाला थांबायला अंतर मिळते. यातले काही नव्हते. गाडी ताशी शंभरच्या आसपास वेगाने तुटक्या रुळावर आली. त्यानंतर रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, सुरेश प्रभूंनीही देऊ केला आणि थोड्याच दिवसांत त्यांचे खाते बदलले. राजीनामे झाले म्हणून ब्लॉक देण्याची रीत बदलली असे मात्र नाही.

ही रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. रुळांची देखभाल अभियांत्रिकी विभागाकडे, सिग्नलची सिग्नल व दूरसंचार विभागाकडे, आणि गाड्या चालवणे परिचालन विभागाकडे. ब्लॉक मागतात पहिले दोघे, देतो तिसरा. विभागीय नियंत्रण कक्षात बसलेल्या सेक्शन कंट्रोलरच्या तक्त्यावर एक्स्प्रेस, पॅसेंजर, मालगाड्या अशा रेघा ओढलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत ब्लॉक बसवायचा असतो. त्याच्या कामाचा हिशेब गाड्या वेळेवर धावल्या की नाही यावर होतो. आज न बदललेला रूळ सहा महिन्यांनी तुटला तर तो हिशेब त्याच्या नावावर लागत नाही. यात त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्या खुर्चीवर कोणालाही बसवा, तो दीड तासाच्या मागणीवर चाळीस मिनिटेच देणार.

आता चाळीस मिनिटांत काय होत नाही ते पाहू. रुळाला तडा गेलेला तुकडा कापून नवा बसवायचा आणि थर्मिट पद्धतीने जोडायचा, तर आधी स्लीपरवरच्या क्लिपा सोडवणे, रूळ कापणे, दोन टोकांमध्ये ठरलेले अंतर राखून ती सरळ रेषेत आणणे, साचा बसवणे, टोके तापवणे, वितळलेले पोलाद ओतणे, वरचा जादा भाग छाटणे आणि शेवटी घासून पृष्ठभाग सारखा करणे, एवढी कामे असतात. पोलाद ओतल्यावर निदान अर्धा तास त्यावरून गाडी जाऊ द्यायची नाही. सगळे मिळून तास-सव्वा तास लागतो. वेळ तोकडा पडला की पहिली काटछाट टोके तापवण्यात होते आणि दुसरी थंड होऊ देण्यात. जोड वरून झकास दिसतो, आत पोकळी किंवा कच्चा थर राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्रासॉनिक तपासणीतच सापडतो, आणि त्या तपासणीलाही रुळावर मोकळा वेळ लागतोच.

मग थंडी येते. पोलाद एका अंश तापमानफरकाला दर किलोमीटरमागे साधारण साडेअकरा मिलिमीटर लांबते किंवा आखडते. दुपारच्या आणि पहाटेच्या रुळात ४० अंशांचा फरक धरला तर मोकळा सोडलेला एक किलोमीटर रूळ ४६ सेंटीमीटरने कमी-जास्त होईल. आजचे लांब जोडरूळ स्लीपरला घट्ट आवळलेले असल्यामुळे त्यांना आखडता येत नाही. सगळी ओढ आत ताण म्हणून साठते आणि सगळ्यांत कच्च्या जागी, म्हणजे बहुधा जोडावर, रूळ तुटतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 'रुळाला तडा, लोकल विस्कळीत' ही बातमी येते ती यामुळे. उन्हाळ्यात उलटे होते. खडी पुरेशी नसेल तर लांबू पाहणारा रूळ बाजूला सापासारखा वळतो. दोन्हींवर उपाय एकच, ठरावीक तापमानाला रूळ सोडून ताण काढणे आणि पुन्हा आवळणे. त्याला मोठा ब्लॉक लागतो.

बाहानगाचा अपघात जास्त खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण तिथे रूळ ठीक होते, चालक सावध होता, डबे धडकेत एकमेकांवर न चढणाऱ्या नव्या एलएचबी बनावटीचे होते. २ जून २०२३ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात कोरोमंडल एक्स्प्रेस ताशी १२८ किलोमीटरने हिरव्या सिग्नलवर निघाली होती. सिग्नल सांगत होता, मुख्य मार्ग मोकळा. प्रत्यक्षात सांधा, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी रुळांची हलती पाती, बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता आणि तिथे लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीवर आदळले. २९०हून अधिक माणसे गेली.

सिग्नल आणि सांधा यांना एकमेकांशी बांधणारे इंटरलॉकिंग असे खोटे बोलूच शकत नाही, अशी या व्यवस्थेची घडण असते. सांध्याची पाती नेमक्या बाजूला चिकटून कुलूपबंद झाल्याचा विद्युत पुरावा मिळाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. बाहानगाला तो पुरावाच चुकीच्या तारेतून आला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात दोन गोष्टी आहेत. पहिली, काही वर्षांपूर्वी स्थानकाच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत, म्हणजे सिग्नलच्या तारा असलेल्या छोट्या खोलीत, विद्युत मंडलात फेरफार झाले, पण तारांवरच्या खुणा आणि नकाशा त्याप्रमाणे बदलले गेले नाहीत. दुसरी, अपघाताच्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम चालू होते. चुकीच्या खुणा असलेल्या पेटीत नवे काम झाले आणि सांध्याची खोटी खबर स्टेशन मास्तरच्या पॅनेलवर खरी म्हणून उमटली. काम दुसऱ्याच फाटकाच्या नकाशावरून झाले, असा सीबीआयचा आरोप आहे.

अशा कामासाठी नियम स्पष्ट आहे. सिग्नल कर्मचाऱ्याने स्टेशन मास्तरला डिसकनेक्शन मेमो द्यायचा. मास्तरने तो स्वीकारला की तो सांधा आणि त्यावरचे सिग्नल बिघडलेले समजायचे. सांधा क्लँप लावून कुलपात अडकवायचा, गाड्या हातझेंडीने, सावकाश काढायच्या. काम संपल्यावर सांधा दोन्ही बाजूंना फिरवून जमिनीवरची स्थिती आणि पॅनेलवरचा दिवा जुळतो का ते एकेक करून तपासायचे, आणि मगच रिकनेक्शनवर सही करायची. हे सगळे नीट केले तर प्रत्येक गाडीची दहा-पंधरा मिनिटे जातात. म्हणून मेमो घ्यायला मास्तर कुरकुरतो, कंट्रोल नाराज होतो, आणि तपासणी 'एकदा फिरवून बघितले' इथवर येऊन थांबते.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. अपघाताच्या चार महिने आधी, ८ फेब्रुवारी २०२३ रोजी, कर्नाटकातल्या होसदुर्गा रोड स्थानकात संपर्क क्रांती एक्स्प्रेस अशाच चुकीच्या मार्गावर जाणार होती. चालकाच्या लक्षात आले म्हणून वाचली. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या परिचालन प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी लेखी इशारा दिला, की सिग्नल कर्मचारी मेमोशिवाय पेट्या उघडत आहेत आणि हे थांबले नाही तर गंभीर अपघात होतील. खुद्द बाहानगा ज्या खड़गपूर विभागात येते, तिथेही मे २०२२मध्ये चुकीच्या तारजोडणीचा प्रकार झाला होता आणि आयुक्तांच्या अहवालात त्याची नोंद आहे. टळलेला अपघात ही फुकट मिळालेली चौकशी असते. आपल्याकडे ती फाइलला लावून ठेवतात.

बाहानगानंतर सगळीकडे एकच विचारणा झाली, 'कवच' का नव्हते? कवच असायला हवे, लवकर हवे, याबद्दल वाद नाही. स्लीपरवरचे टॅग, स्थानकातले यंत्र, मनोरे आणि इंजिनातला संगणक यांच्या साह्याने ही देशी यंत्रणा लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला स्वतः ब्रेक लावते. पण कवच सिग्नलची स्थिती इंटरलॉकिंगकडूनच घेते. इंटरलॉकिंगने हिरवे सांगितले तर कवचही हिरवेच समजणार. बाहानगाला ते असते तरी ती धडक टळली नसती, हे रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीही त्या वेळी सांगितले होते. प्रत्येक अपघातावर 'कवच बसवा' म्हणणे हे तापाच्या प्रत्येक रोग्याला एकच गोळी देण्यासारखे आहे. काहींना ती लागू पडते. ज्यांना पडत नाही त्यांची तपासणी राहून जाते.

पश्चिम बंगालमधल्या रंगापाणीला कवच उपयोगी पडले असते. १७ जून २०२४ रोजी सकाळी न्यू जलपाईगुडीजवळ थांबत-थांबत चाललेल्या कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीने धडक दिली आणि दहा जण गेले, त्यात मालगाडीचा चालकही. त्या पट्ट्यातली स्वयंचलित सिग्नल यंत्रणा पहाटे ५.५० पासून बंद होती. चालकांना टी/ए ९१२ नावाचा कागद दिला जात होता. त्यावर बिघडलेले सिग्नल लाल असताना ओलांडण्याची परवानगी असते. वेग किती ठेवायचा हे त्यावर लिहिलेले नव्हते. असा लाल सिग्नल भेटला की दिवसा एक मिनिट थांबायचे आणि मग दृश्यमानता चांगली असेल तर ताशी पंधराने पुढे सरकायचे, असा नियम. बोर्डाने त्याच दिवशी मेलेल्या चालकावर ठपका ठेवला. नंतर आयुक्तांच्या अहवालात आले ते असे: त्या सकाळी त्या पट्ट्यातून गेलेल्या सात गाड्यांपैकी हा नियम पाळला एकट्या कांचनजंगाने. बाकीच्यांनी तो कागद म्हणजे नेहमीच्या वेगाने जाण्याचा परवाना समजला. म्हणजे जिने नियम पाळला तीच मागून ठोकली गेली. सहापैकी सहा चालक एकच चूक करतात तेव्हा ती चालकांची चूक राहत नाही. ती प्रशिक्षणाची आणि कागदाची चूक असते. इतका वेळ सिग्नल बंद राहणार असेल तर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडायची तजवीज नियमात आहे, त्याचा कागदही वेगळा आहे. तो दिला असता तर गाड्या रखडल्या असत्या. इथेही मिनिटेच आड आली.

चालकांच्या तासांबद्दल थोडक्यात. पहाटे तीन ते सहा हा वेळ झोपेचा, आणि शरीराचा हा नियम ड्यूटीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा जुना आहे. इंजिनातले दक्षता यंत्र चालकाने ठरावीक वेळात काही हालचाल केली नाही तर ब्रेक लावते, पण पेंगणारा माणूसही सवयीने बटण दाबू शकतो. २०२४च्या सुरुवातीला माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार सुरक्षेशी निगडित सुमारे दहा लाख मंजूर पदांपैकी दीड लाखाहून अधिक रिक्त होती. रिक्त जागेचे काम कोणीतरी करतच असते, फक्त तो आधीच दमलेला असतो.

आता दुसरी बाजू. रेल्वे सांगते, आणि ते खरे आहे, की गंभीर अपघात २०००-०१ साली ४७३ होते, ते २०२३-२४मध्ये ४० झाले. यामागे खरे काम आहे. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके २०१९च्या जानेवारीपर्यंत संपवली. एकमेकांवर न चढणारे एलएचबी डबे आले. खडी ठोकणारी यंत्रे वाढली. हे श्रेय हातचे राखून देण्याचे कारण नाही. पण सोप्या कारणांचे अपघात कमी झाले की उरतात ते अवघड कारणांचे, आणि त्यांच्यावर आकड्यांची ती उतरती रेघ आपोआप लागू पडत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे २०१७ ते २०२१ या चार वर्षांतल्या २१७ गंभीर अपघातांपैकी १६३ गाड्या घसरण्याचे होते, म्हणजे चारांत तीन. लहानमोठ्या सगळ्या घसरणींच्या चौकशांत रुळांच्या देखभालीतली उणीव १७१ प्रकरणांत निघाली. रुळांची भूमिती मोजणाऱ्या खास गाडीच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळली. त्याच अहवालात राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोषातला पैसा पायांना मालीश करणाऱ्या यंत्रांवर खर्चल्याचीही नोंद आहे. एरवी हसू आले असते.

आणि वरच्या त्या ४० गंभीर अपघातांमध्ये मुंबई नाहीच. दरवाज्यात लटकलेला पडला, रूळ ओलांडताना गेला, तर तो 'गाडीचा अपघात' ठरत नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलमधून माणसे पडून मेली, त्या गाड्या ना घसरल्या ना आदळल्या. रेल्वे सुरक्षेवरच्या डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२मध्ये म्हटले होते की देशात रुळांवर दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर. मुंबईतला आकडा त्यानंतर बराच उतरला आहे, तरी तो आजही देशभरच्या 'गंभीर अपघातां'तल्या बळींपेक्षा कितीतरी पट मोठा आहे. त्याचे कारण दुरुस्तीचा वेळ नव्हे, गर्दी आहे, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय. व्याख्या बदलली की यश कसे दिसते एवढेच इथे नोंदवायचे.

'मार्ग इतके भरलेले आहेत की ब्लॉक द्यायचा कुठून?' हा आक्षेप खरा आहे, पण तो अर्धाच आहे. मार्ग आपोआप भरलेले नाहीत. प्रत्येक नवी गाडी कोणीतरी झेंडा दाखवून सोडलेली आहे, आणि ती सोडताना त्या पट्ट्यातला देखभालीचा वेळ किती उरला हे कोणी जाहीर केलेले नाही. उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. २२ जून २००३ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून ५१ जण गेले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून कोसळली. त्यानंतर कोकण रेल्वेवर कड्यांवरची सैल दगडमाती काढणे, जाळ्या, रात्रंदिवस गस्त यांवर भर आला, आणि पावसाळ्यात गाड्या मुद्दाम हळू धावू लागल्या. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४०. पावसाळी वेळापत्रक म्हणजे प्रवाशांना उघडपणे सांगणे, की या महिन्यांत तुम्ही उशिरा पोहोचाल. चाकरमानी कुरकुरतो आणि तिकीट काढतो. वैभववाडीइतकी जीवितहानी दरडीने त्या मार्गावर पुन्हा केलेली नाही.

रेल्वेलाही हे कळत नाही असे नाही. २०२३च्या अखेरीस 'रोलिंग ब्लॉक'ची तरतूद नियमांत आली, म्हणजे ५२ आठवड्यांपर्यंत पुढचे ब्लॉक आधीच ठरवून ठेवायचे. कागदावर ती उत्तम आहे. पण ठरवलेला ब्लॉक त्या दिवशी रद्द करण्याचा अधिकार पुन्हा त्याच कंट्रोलकडे आहे. म्हणून काकोडकर समितीची आजवर टाळली गेलेली एक शिफारस महत्त्वाची ठरते: रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र, कायद्याने अधिकार मिळालेले सुरक्षा प्राधिकरण. आज अपघातांची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, हे चांगलेच आहे. पण ते येतात अपघात झाल्यावर, आणि त्यांच्या शिफारशी मानायच्या की नाही हे शेवटी बोर्ड ठरवते. चालत्या गाड्या थांबवून 'आधी हा पट्टा दुरुस्त करा' असे सांगण्याची ताकद गाड्या चालवण्यात हितसंबंध नसलेल्या कोणाकडे तरी हवी.

ते होईपर्यंत एक काम उद्यापासून होऊ शकते, आणि त्याला कायदा लागत नाही. प्रत्येक विभागाने महिन्याच्या शेवटी गाड्यांच्या वक्तशीरपणाच्या टक्क्याशेजारी आणखी तीन आकडे छापावेत: किती तासांचे ब्लॉक मागितले, किती दिले, ठरलेले किती रद्द केले. पट्ट्याच्या नावासह. जिथे सलग तीन महिने निम्म्याहून कमी वेळ मिळाला असेल तिथे नवी गाडी सोडू नये, आणि खासदाराने थांबा मागितला तर त्याच्यापुढे आधी तो तक्ता ठेवावा. भुसावळ, सोलापूर, नागपूर, पुणे या विभागांचे असे तक्ते पाहायला मिळाले तर रविवारी अकरा वाजता ठाण्याच्या फलाटावर कोणावर चिडायचे, हेही जरा नीट ठरवता येईल.